दादाच्या पेशी, आईचा कोयता

आधीच सांगते, हे धीर देणारं लिखाण नाही. धीर देणारी पुस्तकं मला दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांनी भरपूर आणून दिली. त्यातलं एकही पुरं वाचून झालं नाही. ज्याच्या घरात हा आजार शिरलाय त्याला काही गोष्टी वेळेवर कळाव्यात, एवढ्यासाठी लिहिते आहे. आमच्या घराला त्या कुणी वेळेवर सांगितल्या नाहीत आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. मी पत्रकं लिहिणारी मुलगी. एका पानात म्हणणं मांडायचं, बाजारात वाटायचं आणि भांडायची तयारी ठेवायची, एवढंच मला येतं. त्याच हाताने हे लिहिलंय.

पैशाचं यात काही लिहिणार नाही. त्याचं वेगळं पत्रक काढावं लागेल.

निळे डाग

त्या साली पाऊस कमी झाला हे खरं. पण माजलगावच्या धरणात जे काही उरलं होतं ते कुठं जातंय हेही सगळ्यांना दिसत होतं. कालव्याच्या काठाला ऊस हिरवागार उभा, आणि वडवणीकडच्या आमच्या गावात टँकर आला की घागरींची मारामारी. आमचा पोरापोरींचा एक गट होता. 'आधी पिण्याला, मग उसाला' हे आमचं पत्रक. साखर कारखाना सहकारी आहे ना, सहकार म्हणजे सगळ्यांचं मिळून, मग पाणी ठरावीक शिवारातच कसं मुरतं, असं आम्ही वडवणीच्या बाजारात ओरडून विचारायचो. लोक पत्रक घ्यायचे आणि त्यात भजी बांधून न्यायचे. तरी आम्ही वाटायचो.

तहसीलसमोर धरणं धरून उठलो त्या दिवशी माझ्या दंडावर निळेकाळे डाग दिसले. गटातला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "अबे, मोबाईल काढ. हिच्या दंडाचा फोटो घे. पोलिसांनी हाणलं म्हणून टाकू."

"मला कुणी हात बी लावला न्हाई," मी म्हणाले.

"मंग डाग कशाचे?"

मी बाही खाली ओढली. मांड्यांवर तर त्याहून मोठे डाग होते, ते मी कुणाला दाखवले नव्हते. दात घासताना तोंडातून रक्त यायचं. पाळी आली की थांबायचीच नाही. हे मी आईपासूनही लपवलं, कारण ती म्हणाली असती, हिंडणं बंद कर. शेवटी तहसीलच्या पायऱ्या चढताना डोळ्यापुढं अंधार आला आणि मी तिथंच बसले. उठवायला पोलीसच धावले, हे त्यातल्या त्यात गमतीचं.

घरचं रगत

बीडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगात रक्तच नाही, आधी रक्त चढवा, कारण नंतर शोधू. पिशवीची सोय करा म्हणाले.

आई तिथंच अडून बसली. "भायेरचं रगत माझ्या लेकीला नको. कुणाचं असंल, कसलं असंल. घरात रेड्यासारखा भाऊ उभा हाय."

दादा माझ्याहून मोठा. एकच भाऊ, बाकी भावंडं नाहीत. त्याचा आणि माझा रक्तगट एकच निघाला. तो हसत जाऊन खाटेवर पडला. बाहेर आला तेव्हा दंडावरचा बोळा दाबून धरला होता आणि छाती काढून चालत होता. म्हणाला, "आता माझ्या रगतावर पळशील बघ. पर मोर्चात पुढं गेलीस आन तुला दगड बसला, तर लागंल मला, ध्यानात ठिव."

त्याचं रक्त चढलं आणि मला खरोखरच हुशारी आली. पंधरवड्यात रक्त पुन्हा उतरलं. पुन्हा दादा आडवा झाला. गावात सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. आमच्याकडं अशीच रीत आहे, घरच्या माणसाला घरचंच रक्त. बाहेरचं घ्यायची वेळ आली तर घरच्यांना कमीपणा वाटतो. दवाखान्यातही कुणी अडवलं नाही. भिंतीवर हात कसे धुवावेत याचा तक्ता होता, तंबाखूचा होता, डासांचा होता. याचा नव्हता.

निदानाचा दिवस

दसऱ्याच्या सुमाराला आम्ही पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. मी, आई, दादा आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. बैलगाडीवरून पडल्यापासून त्यांचा एक पाय आखडलाय आणि बोलणंही तेव्हापासूनच कमी झालंय. तिथं माझ्या कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला. दुखतं. दुखत नाही असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दादाचा आणि माझा एकेक नमुना जुळणीसाठी घेतला.

डॉक्टरीणबाई मधल्या वयाच्या, सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, "कॅन्सर नाही. पण सोपंही नाही. हाडाच्या पोकळीत रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी असतात. तुझ्या हाडात त्या जवळजवळ संपल्यात. तुझ्याच शरीराच्या राखणदार पेशींनी त्यांना मारलंय."

"कावून?" आईने विचारलं.

"ते नेमकं सांगता येत नाही."

मग त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं. मूळपेशीला दोन कामं असतात. एक, आपल्यासारखीच दुसरी पेशी राखून ठेवायची. दोन, रक्त होण्यासाठी काहींना पुढं पाठवायचं. कुणी थांबायचं आणि कुणी जायचं, हे पेशीतली प्रथिनं ठरवतात. एखादं प्रथिन जास्त झालं तर सगळ्याच जातात आणि मूळ संपतं. कमी झालं तर सगळ्याच बसून राहतात आणि रक्त बनत नाही. म्हणून प्रथिन नुसतं बनून भागत नाही, ते वेळेवर मोडावंही लागतं. "आणि गंमत म्हणजे," त्या म्हणाल्या, "मूळपेशी फार सावकाश जगते. बेतानं काम करते, बराच काळ झोपून असते. म्हणून तर जन्मभर पुरते. तिला फार राबवलं की ती संपते."

आई एवढा वेळ मन लावून ऐकत होती. म्हणाली, "मंग ती पेशी आमच्या घराण्यातली न्हाई, बाई."

डॉक्टरीणबाई हसल्या. आम्हीही हसलो. हसू संपायच्या आत त्यांनी कागदांवरून नजर न काढता विचारलं, "आधी रक्त चढवलंय ना? घरच्या कुणाचं नव्हतं ना?"

"घरचंच!" आई अभिमानाने म्हणाली. "माझ्या लेकाचं. भायेरचा थेंब न्हाई घेऊ दिला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला तो क्षण आजही नको वाटतो. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात बोलायला लागल्या, आणि डॉक्टर हळू बोलायला लागला की समजावं.

या आजारावर खात्रीचा उपाय म्हणजे भावाबहिणीच्या मूळपेशी घालणं. त्या जुळायला हव्यात आणि शरीराने त्या ठेवूनही घ्यायला हव्यात. मी दादाचं रक्त दोनदा घेतलं होतं. माझ्या शरीराने त्याची ओळख पटवून ठेवली असणार. आता त्याच्या मूळपेशी आल्या तर तोच पाहुणा परत आला म्हणून राखणदार त्यांच्यावर तुटून पडण्याची भीती होती. म्हणजे पेशी जुळूनही न रुजण्याची.

आईला हे कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिने दादाचा दंड धरला, जिथून रक्त काढलं होतं तिथंच. "म्या म्हणलं वं बाई. म्याच अडून बसले."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

कुणी सांगितलं नव्हतं, हे वाक्य मी त्या वर्षभरात कितीतरी वेळा ऐकलं. म्हणून इथं ठळक लिहिते. अचानक रक्त कमी झालं आणि कारण ठाऊक नसेल, तर सख्ख्या नात्यातल्या माणसाचं रक्त चढवण्याआधी डॉक्टरांना तोंड उघडून विचारा: पुढं मूळपेशी घालायची वेळ आली तर हे चालेल का? घरच्यांनी रक्तपेढीला रक्त द्यावं, जरूर द्यावं. ते दुसऱ्या कुणाला जाऊ द्यावं.

गावी परतल्यावर दादाने सगळ्यांना सांगितलं की प्रोटीनची गडबड आहे. झालं. ज्याला जमेल तो अंडी घेऊन आला. एका चुलत्याने तर तालमीतल्या पोरांचा पावडरीचा डबा आणला, वर पिळदार दंडाचं चित्र. मी चार पावलं चालले की धापा टाकायचे आणि तो डबा माझ्या उशाशी.

कोयता मोडत नसतो

जुळणीचा निकाल दिवाळी झाल्यावर आला. दादाच्या पेशी पूर्ण जुळत होत्या. तेव्हा दादा घरी नव्हता. तो आणि वहिनी टोळीबरोबर ऊसतोडीला गेले होते, दूर, एका सहकारी कारखान्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, माणसांची जोडी. बहुतेक वेळा नवरा-बायको. एक तोडतो, एक मोळ्या बांधतो, दोघं मिळून गाडी भरतात. मुकादम टोळी बांधतो ती अशा जोड्यांची. एकट्या माणसाला तिथं माणूस म्हणून किंमत नाही. नवरा गेला की बायको एका जोडीतली उरलेली अर्धी.

दादाला सोडा म्हटल्यावर मुकादम फोनवर अण्णांना म्हणाला, "पोरगी आजारी हाय, कबूल. मी बी लेकीचा बाप हाय. पर कोयता म्हंजे दोन माणसं, पावनं. एकली बाई मी कुठं धरू? गाडी खोळंबली तर कारखाना मला इचारतो."

"गुढीपाडव्याला पट्टा पडतो, तवर थांबता येईल का?" अण्णांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं. त्या म्हणाल्या, एवढे दिवस तिला साध्या तापानेही काही होऊ शकतं.

मग एका आठवड्यात दादा पुण्याला हजर झाला. मी विचारलं, "वहिनीचं काय?"

"हाय की सोय. तिचा भाऊ आलाय जोडीला."

"आन आई?"

"आई चारा छावणीत, बैलांपशी. अण्णा तुझ्यापशी. झालं ना? आता गप पड."

सगळं नीट बसलं होतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आमच्या घरात इतकं नीट कधीच काही बसत नाही.

काचेच्या आत

पेशी घालण्याआधी एका खोलीत कोंडतात. कोंडतात हाच शब्द बरोबर आहे. दवाखान्यात त्याला वेगळं नाव आहे, ते सुरक्षित वाटावं म्हणून ठेवलेलं. दोन दारं, एक उघडलं की दुसरं बंद. खिडकी आहे पण उघडत नाही. हवा गाळून येते, तिचा घों-घों आवाज दिवसभर. एका बाजूला काच, काचेपलीकडे घरच्यांनी उभं राहायचं. फोन स्पिरिटने पुसून प्लास्टिकच्या पिशवीत. फळ नाही, फूल नाही, कच्चं काही नाही. आईने दादाबरोबर कपिलधारच्या देवस्थानचा अंगारा पाठवला होता, तिथला धबधबा कोरडा होता पण अंगारा मिळाला, तोही सिस्टरने बाहेर अण्णांकडं परत दिला. अण्णांनी तो स्वतःच्याच कपाळाला लावला आणि काचेपुढं येऊन उभे राहिले.

गावाकडं पाणी उकळून प्यायला सांगितलं तर आम्ही म्हणायचो, आधी पाणी तर द्या. इथं माझ्यासाठी पाणी उकळत होतं, गाळत होतं, आंघोळीला बादली भरून येत होती. मी ती बादली बघून रडले. आजारामुळे नाही, रागाने. अख्खी वस्ती ज्याच्यासाठी भांडत होती ते इथं माझ्या एकटीच्या पायाखालून मोरीत जात होतं, आणि ते नको म्हणायची मला मुभा नव्हती.

आधी औषधं देऊन माझ्या हाडात उरलंसुरलं होतं तेही काढून टाकायचं आणि राखणदारांना झोपवायचं. दादाचं रक्त आधी घेतलेलं असल्यामुळे माझं औषध जरा जास्त कडक. थंडी वाजली, अंग थरथरलं, नंतर तोंडभर फोड आले, केस उशीवर राहायला लागले. सकाळी वजन, मग रक्त, मग राऊंड, मग काचेपलीकडचे अण्णा, मग संध्याकाळची साफसफाई. मी आंदोलनात लॉकअप बघितलंय. तिथं शिव्या देता येतात. इथं शिव्या कुणाला देणार? सगळे माझ्यासाठीच राबत होते.

एक सिस्टर होती, केरळची. मराठी मोडकं. रोज आत येताना एक नवा मराठी शब्द शिकून यायची आणि माझ्यावर वापरून बघायची. एकदा म्हणाली, "आज तू लई भारी." असल्या गोष्टींवर दिवस काढता येतो. खरंच काढता येतो.

फोनवरचा आवाज

औषधांचे दिवस संपत आले होते तेव्हा आईचा फोन आला. तोंडाच्या फोडांमुळे मला बोलता येत नव्हतं. मी नुसतं हूं हूं करत होते. आई सांगत होती, बैल बरे आहेत, छावणीत चारा चांगला येतो, तू जेव. आणि तिच्या मागून कुणीतरी ओरडलं, "आत्या, मोळी बांधा, ट्रॅक्टर आला!"

तो वहिनीचा आवाज होता. वहिनी सासूला आत्या म्हणते.

"आई, वैनी छावणीत कशी?" मी कसंबसं विचारलं.

मागं ट्रॅक्टरवरचं गाणं. मग आई म्हणाली, "न्हाई ग. टीव्ही चालू हाय हितं."

छावणीत, बैलांपाशी, टीव्ही.

दादा शेजारच्या इमारतीत भरती होता. त्याला इंजेक्शनं सुरू झाली होती. ते इंजेक्शनही एक प्रथिनच. हाडातल्या मूळपेशींना ते बाहेर यायला लावतं, म्हणजे त्या रक्तात उतरतात आणि तिथून गोळा करता येतात. हे ऐकल्यावर दादा डॉक्टरीणबाईंना म्हणाला होता, "म्हंजे मुकादमच की वो! घर सोडा, चला तोडीला." बाईंना ते कळलं नव्हतं. अण्णा मात्र त्या महिन्यात पहिल्यांदा हसले होते.

संध्याकाळी तो काचेपलीकडे आला. कंबर धरून चालत होता. त्या इंजेक्शनाने हाडं ठणकतात.

मी फोनवर म्हणाले, "आई कुठंय?"

"छावणीत."

"दादा."

त्याने कपाळ काचेला टेकवलं. "वैनीचा भाऊ न्हाई आला. त्येचाच कोयता दुसऱ्या टोळीत. मुकादम आयकंना. मंग आई म्हणली, मी जाते. म्या न्हाई म्हणलं. ती म्हणली, अरं तू पोटात हुतास तवा मी ऊस तोडलाय, आता काय झालंय? कोयता उचलला आन गेली."

आईचं वय पन्नाशीपलीकडचं. गुडघे दुखतात म्हणून तिने काही वर्षांपूर्वी तोड सोडली होती. आमच्या गटाने त्याच साली दुसरं एक पत्रक काढलं होतं, ऊसतोड बायकांवर. त्यातलं वाक्य माझं होतं: 'बाईला अर्धा कोयता समजणारी ही पद्धत बंद झालीच पाहिजे.' आणि मी जगावं म्हणून माझी आई त्याच पद्धतीत जाऊन दादाची रिकामी जागा भरत होती.

मी बेल दाबली. सिस्टर आली. मी म्हणाले, थांबवा सगळं, मला घरी जायचंय. तिने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या मास्क लावून आत आल्या, खुर्ची ओढून बसल्या, माझं सगळं ऐकून घेतलं.

"औषध अंगात गेलंय," त्या म्हणाल्या. "तुझ्या हाडात आता काहीच उरलेलं नाही. भावाच्या पेशी घेतल्या नाहीत तर तू वाचत नाहीस, आणि आईचं राबणं सगळं वाया जाईल, ते तूच बघ."

काचेपलीकडे दादा आणि अण्णा उभे होते. दार बंद. खिडकी बंद. पुढं जाण्याशिवाय जागा नव्हती, आणि पुढं जायचं ते आईच्या पाठीवरून.

पिशवी

ज्यासाठी एवढं सगळं, ती पिशवी लहान निघाली. टोमॅटोच्या सारासारखा रंग. रक्त चढवतात तशीच टांगली. मला वाटलं होतं, मोठं ऑपरेशन असेल. सिस्टर म्हणाली, "झालं."

पेशींना हाडापर्यंत कोण नेणार, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणी नाही. रक्तातून फिरत त्या स्वतःच हाड शोधतात. हाडातून एका प्रथिनाचा सांगावा येत असतो आणि पेशीच्या अंगावर तो ओळखणारं दुसरं प्रथिन असतं. दोन्ही जुळले की त्या थांबतात. मग त्यातल्या काहींनी गप्प पडून राहायचं आणि काहींनी कामाला लागायचं. "आपण फक्त वाट बघायची."

दादाला आठवडाभर वजन उचलू नको म्हणून बजावलं होतं. चौथ्या दिवशी तो काचेपाशी आला. हातात पिशवी, पायात बूट.

"जातो."

"डॉक्टर काय म्हणल्या?"

"त्यांना काय, त्यांची आई थोडीच तोडीला गेलीय."

मी हात वर केला. त्याने काचेवर टकटक केलं, आतल्या माझ्यासाठी नाही, माझ्या अंगात गेलेल्या पेशींसाठी. "ए, नीट कामं करा बे. घराण्याचं नाव घालवू नका."

शून्य

त्यानंतर रोज सकाळी रक्त जायचं आणि दुपारी आकडा यायचा. पांढऱ्या पेशी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. नंतर ताप आला. त्या तापात मला एकच गोष्ट दिसायची: माझे राखणदार दादाला ओळखतायत. दोनदा आलेला माणूस. ते दारात उभे आहेत आणि दादाच्या पेशी बाहेर, हातात पिशव्या घेऊन.

पेशी रुजल्या नाहीत तर दुसऱ्यांदा दादाला बोलवावं लागलं असतं. दुसऱ्यांदा आईला. हे मला मरणापेक्षा वाईट वाटायचं. मरणाची भीती होतीच, ती नव्हती असं मी लिहिणार नाही. पण ती रोजची झाली होती. ही नवी होती.

एका दुपारी डॉक्टरीणबाई आकडा सिस्टरकडून न पाठवता स्वतः घेऊन आल्या. शून्य नव्हतं. अगदी थोडं होतं, पण शून्य नव्हतं. "अजून नाचायचं नाही," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी वाढलं. तिसऱ्या दिवशी थोडं उतरलं. मग चढत गेलं. राखणदारांनी दार उघडलं होतं, किंवा औषधाने त्यांना उघडायला लावलं होतं. कसंही का होईना.

आई

आई आली ती थेट कारखान्यावरून. तिला काचेपलीकडे बघून मी आधी ओळखलंच नाही. काळवंडली होती. उसाच्या पाचटाने हात, गळा, गाल चिरलेले. एका तळव्याला फडकं गुंडाळलेलं.

आता मला एका माणसाला आत भेटता येणार होतं. सिस्टरने आईला साबणाने हात धुवायला लावले आणि ते फडकं सोडलं. आत जखम चिघळली होती. सिस्टरने मान हलवली. उघड्या जखमेचा माणूस आत चालत नाही.

म्हणजे आई माझ्यासाठी ऊस तोडून आली आणि त्याच उसामुळे दाराबाहेर राहिली. मी फोन उचलला, तिला सगळं सुनवणार होते. खोटं का बोललीस, मला का नाही विचारलं.

ती आधी बोलली. "डोस्कं बघ कसं गुळगुळीत झालंय. ल्हानपणी जावळ काढलं तवा अशीच दिसत हुतीस."

आम्ही दोघी फोन कानाला लावून काचेच्या दोन्ही बाजूंनी बसून राहिलो, आणि अण्णांनी खाली जाऊन तिच्या हाताचं मलम आणलं.

वहिनी

पाडवा झाला, टोळ्या परतल्या. मी तेव्हा दवाखान्याजवळच्या भाड्याच्या एका खोलीत होते. गावी जायला परवानगी नव्हती, धूळ आणि पाणी दोन्हीमुळे. कोंडवाडा जरा मोठा झाला होता, एवढंच. तिथं वहिनी मला भेटायला आली. तोंडाला मास्क लावून दारातच उभी राहिली.

"बऱ्या दिसताव."

"या ना आत."

ती आत आली पण टेकली नाही. तिचा राग मला कळत होता आणि तो रास्त होता. जोडीतला नवरा उठून गेला आणि तिच्या वाट्याला गुडघे दुखणारी सासू आली. तिनेच सांगितलं, आईने मला सांगितलं नव्हतं, की गाडी भरताना मोळी घेऊन फळीवर चढताना दोघी एकदम घसरल्या होत्या. टोळीतले लोक हसले होते. सासू-सुनेचा कोयता म्हणून.

मी विषय बदलायला दवाखान्यातली ताजी बातमी सांगितली. तपासणीत कळलं होतं की माझ्या अंगातलं रक्त आता सगळं दादाच्या पेशींचं आहे. तपासणी करणाऱ्याला ते पुरुषाचं रक्त दिसतं.

वहिनी म्हणाली, "म्हंजे माझा नवरा तुमच्या अंगात बी राबायलाय. त्येला कुठंच सुट्टी न्हाई."

आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता ती खाली बसली. मग म्हणाली, "ह्ये समदं तुमी लिवणार ना?"

"लिहिणार."

"मुकादमाचं नाव टाकू नका. कारखान्याचं बी. आमचं तर न्हाईच. दिवाळी झाली की आमाला परत जायाचंय. टोळीत घेतलं न्हाई तर?"

"असं घाबरूनच तर ही पद्धत चालते, वैनी. नाव घेतल्याशिवाय..."

"पद्धत मोडायला तुमाला येळ लागंल. तवर आमाला कोयता पायजे."

नाव घेऊन भांडणं हे माझं एकमेव कसब. पत्रकात नाव नसेल तर लोक त्यात भजी बांधतात, हे मी बघितलंय. मी चिडून म्हणाले, "मग लिहू तरी काय?"

"लिवा की. सासू-सुनंनी ऊस तोडला आन पोरगी वाचली. ह्यात खोटं काय हाय?"

खोटं काहीच नाही. म्हणून या लेखात माणसाचं किंवा कारखान्याचं एकही नाव नाही, माझंसुद्धा. दिवाळी झाली की दादा आणि वहिनी गाडीत बसतील. मी तपासणीला जाईन, आणि डॉक्टरीणबाई कागद बघून नेहमीसारखं म्हणतील, पेशी छान कामाला लागल्यात.